टपालातून फिरणारी कला: मेल आर्टबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मेल आर्टचा विषय निघाला की तेच ते प्रश्न फिरून येतात. त्यांतले बरेचसे इथे एकत्र केले आहेत. काहींना सांगण्यासारखं खूप आहे, काहींना दोन ओळी पुरतात.

मेल आर्ट म्हणजे छान रंगवलेली पाकिटं का?

तीही असतात, पण तेवढ्यानं भागत नाही. पाकीट रंगवून भिंतीवर लावलं तर ते चित्र झालं. तेच तिकीट लावून पेटीत टाकलं, वाटेत त्यावर शिक्के बसले, एखादा कोपरा दुमडला, ते कुणाच्या तरी हातात पडलं आणि त्या माणसानं उलट काहीतरी धाडलं, तर मेल आर्ट सुरू झाली म्हणायची. आत काय असावं याला बंधन नाही. कोलाज, रबरी शिक्के, घरी छापलेली बनावट तिकिटं, झेरॉक्स, टाइपरायटरवर काढलेली नक्षी, कविता, बसची तिकिटं, वाळलेलं पान, काहीही चालतं.

माझं मत विचाराल तर या कलेचं खरं साहित्य कागद नव्हेच, पत्त्यांची वही आहे. कुणाकडे कुठले पत्ते होते आणि ते कसे मिळाले, यावरच तिच्या प्रत्येक पिढीचा स्वभाव ठरत गेला. पुढची बहुतेक उत्तरं फिरून याच मुद्द्यावर येतील.

सुरुवात कोणी केली?

एकच नाव घ्यायचं तर रे जॉन्सन. जन्म १९२७, डेट्रॉइट. नॉर्थ कॅरोलिनातल्या ब्लॅक माउंटन कॉलेजात जोसेफ आल्बर्सच्या हाताखाली शिकला आणि न्यूयॉर्कला आला. आधी शिस्तीतली भौमितिक चित्रं काढायचा. त्यातली बरीचशी त्यानं पुढे स्वतःच जाळून टाकली. १९५० च्या दशकात तो एल्विस प्रेस्ली, जेम्स डीन यांच्या छापील फोटोंवर कोलाज करत होता. पॉप आर्ट हे नाव अमेरिकेत रुळायच्याही आधीची ही गोष्ट. पण ही कोलाजं गॅलरीत टांगण्यापेक्षा पोस्टात टाकण्यात त्याला जास्त रस होता. मित्रांना, समीक्षकांना, नावाजलेल्या माणसांना आणि अगदी अनोळखी लोकांनाही तो पाठवायचा.

त्याच्या पाकिटातून काय निघेल याचा नेम नसे. वर्तमानपत्राचं कात्रण, सशाच्या डोक्याचं एका रेषेतलं रेखाटन, जुन्या कोलाजचा कापलेला तुकडा, आणि सोबत सूचना: यात भर घाला आणि रे जॉन्सनला परत पाठवा. कधी सूचना अशी की भर घाला आणि अमक्याला पाठवा, आणि तो अमका तुमच्या ओळखीचाही नसायचा. आपल्याकडे देवाच्या नावानं कार्डं यायची, 'हे पत्र मिळताच अकरा जणांना लिहा, नाहीतर कोप होईल'. यंत्रणा तीच, फक्त जॉन्सनच्या पत्रात कोपाऐवजी कोडं असायचं.

या उद्योगाला 'न्यूयॉर्क करस्पाँडन्स स्कूल', म्हणजे पत्रव्यवहाराची शाळा, हे नाव १९६२ मध्ये एड प्लंकेट या त्याच्या पत्रमित्रानं दिलं. ना वर्ग, ना फी, ना दाखला. तिची पहिली सभा भरली १९६८ साली, न्यूयॉर्कमधल्या क्वेकर या ख्रिस्ती पंथाच्या प्रार्थनागृहात, आणि तारीख होती १ एप्रिल. कार्यक्रम असा काही नव्हताच. लोक आले, बसले, एकमेकांकडे पाहून गेले. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या व्हिटनी म्युझियमनं मार्सिया टकर या क्युरेटरच्या (प्रदर्शनाची आखणी करणारीच्या) पुढाकारानं या स्कूलचं प्रदर्शन भरवलं, तेव्हा जॉन्सननं आपल्या पत्रमित्रांना सांगितलं, जे काही असेल ते थेट म्युझियमला पाठवा. १०६ जणांनी पाठवलेला ऐवज मांडला गेला. म्हणजे मोठ्या म्युझियममधलं प्रदर्शन मिळालं आणि त्यानं ते आपल्या पत्त्यांच्या यादीला देऊन टाकलं.

१९७३ मध्ये त्यानं न्यूयॉर्क टाइम्सच्या मृत्युलेख विभागाला पत्र लिहून स्कूल वारल्याचं कळवलं, आणि लगेच वेगळ्या नावांनी पाकिटं सुरू ठेवली. १९९५ च्या जानेवारीत सॅग हार्बरच्या पुलावरून उडी मारून त्यानं आयुष्य संपवलं. लाँग आयलंडवरच्या त्याच्या घरात नंतर हजारो कामं सापडली, नीट रचून ठेवलेली.

त्याच्या आधी असं कोणीच करत नव्हतं?

करत होते, पण जाळं विणत नव्हते. इंग्लंडमध्ये रेजिनाल्ड ब्रे नावाच्या गृहस्थानं १८९८ मध्ये पोस्टाची नियमपुस्तिका विकत आणली आणि नियम कुठवर ताणता येतात ते तपासायला घेतलं. सलगम, सशाची कवटी, टोपी असं सगळं उघडंच, वर पत्ता घालून पाठवलं. कुत्रा पाठवला. शेवटी स्वतःलाही पोस्ट करून घेतलं आणि पोस्टमननं त्याला घरी पोचता केलं. स्वतःला तो कलावंत समजत नव्हता, हे मला त्याच्याबद्दल सगळ्यात आवडतं.

फ्रान्सच्या ईव्ह क्लाइननं १९५७ मध्ये प्रदर्शनाच्या आमंत्रणांवर स्वतः बनवलेलं कोरं निळं तिकीट लावलं, आणि पोस्टानं त्यावर शिक्का मारला. तिथून कलावंतांच्या तिकिटांची वेगळी शाखा फुटली म्हणायला हरकत नाही.

फ्लक्ससचा यात काय संबंध?

बराच. फ्लक्सस म्हणजे १९६० च्या दशकातला, अनेक देशांत पसरलेला प्रयोगशील कलावंतांचा गट. जॉन्सनला माणसांत रस होता, फ्लक्ससवाल्यांना यंत्रणेत. बेन व्होतिएचं १९६५ चं 'पोस्टमनची निवड' घ्या. एक पोस्टकार्ड, दोन्ही बाजू सारख्याच. इकडे एक पत्ता आणि तिकीट, तिकडे दुसरा पत्ता आणि तिकीट. कार्ड पेटीत टाकायचं आणि विसरून जायचं. कुणाकडे न्यायचं ते पोस्टमन ठरवणार. आजवरच्या मेल आर्टमधली सगळ्यात नेटकी कल्पना कुठली असं कुणी विचारलं तर मी हीच सांगतो.

त्याच वर्षी जपानच्या मिएको शिओमीनं 'स्पेशियल पोएम' सुरू केली. जगभरच्या ओळखीच्या लोकांना तिनं पत्रं धाडली: कार्डावर एक शब्द लिहा, ते कुठेतरी ठेवा, आणि कुठे ठेवलं ते मला कळवा. आलेली उत्तरं बारीक झेंड्यांवर छापून तिनं ती जगाच्या नकाशावर टोचली. अशा नऊ कविता १९७५ पर्यंत झाल्या. कवयित्री एका जागी बसून आणि कविता वेगवेगळ्या खंडांत पसरलेली.

रॉबर्ट फिलिऊ आणि जॉर्ज ब्रेख्त दक्षिण फ्रान्समधल्या एका गावात दुकान चालवत. १९६८ मध्ये ते बंद पडलं, तेव्हा त्यांनी 'अखंड जाळं' ही कल्पना जाहीर केली: कला ही कुणा एकाच्या टेबलावर संपत नाही, जगात कुठेतरी कुणीतरी काहीतरी करतच असतं. पुढच्या पिढ्यांनी हे नाव इतकं उचललं की मेल आर्टवाले आजही स्वतःच्या गोतावळ्याला 'इटर्नल नेटवर्क' म्हणतात.

'पहिली पिढी, दुसरी पिढी' हे काय प्रकरण आहे?

लिहिणारे आपापल्या सोयीनं वाटणी करतात, त्यावरून भांडतातही. पत्त्यांच्या वहीवरून करायची तर अशी होते. पहिल्या पिढीची वही खासगी, जॉन्सनच्या खिशातली. दुसरीची वही छापील, १९७० नंतर मासिकांतून कुणालाही मिळणारी. तिसरी पिढी म्हणजे ज्यांच्यासाठी परदेशातला पत्ता जोखमीचा होता. चौथी १९८० च्या दशकातली, जिची वही फुगून फुगून हजारांवर गेली. आणि आताची, जिला घरचा पत्ता द्यायचीच धास्ती वाटते. दुसरी आणि तिसरी काळानं एकमेकींवर चढलेल्या आहेत, फक्त भूगोल वेगळा.

इंटरनेट नव्हतं तर अनोळखी लोकांचे पत्ते मिळायचे कुठून?

मुख्यतः मासिकांतून. व्हँकुव्हरमध्ये मायकेल मॉरिस आणि व्हिन्सेंट ट्रासोव्ह यांनी 'इमेज बँक' काढली होती. कुणाला कसली चित्रं हवीत याच्या याद्या ते पत्त्यांसकट जाहीर करायचे. एखाद्याला ढगांचे फोटो हवे आहेत असं समजलं की पाठवा ढग. टोरांटोच्या जनरल आयडिया या तिघांच्या गटानं १९७२ पासून 'फाइल' मासिक काढलं, दिसायला हुबेहूब अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकासारखं. त्यातही या याद्या असत. 'लाइफ'च्या मालकांनी पुढे वकिलामार्फत हरकत घेतली, हा त्यातला बोनस.

१९७१ च्या पॅरिस बिएनालेत (दर दोन वर्षांनी भरणाऱ्या कलाप्रदर्शनात) ज्याँ-मार्क प्वांसो यांनी टपालातून आलेल्या कामांचा स्वतंत्र विभाग मांडला. एलेनॉर अँटिननं १९७१ ते १९७३ या काळात पन्नास जोड्यांचे शंभर रबरी बूट कॅलिफोर्नियात निरनिराळ्या ठिकाणी उभे करून फोटो काढले, त्यांची ५१ पोस्टकार्डं छापली आणि हजारेक लोकांना एकामागून एक पाठवली. बूट चर्चला चाललेत, बूट बाजारात, बूट समुद्राकडे तोंड करून. शेवटी ते न्यूयॉर्कच्या मोमा या आधुनिक कलेच्या संग्रहालयात पोचले. आता हे मेल आर्ट की पोस्टानं केलेली मालिका? उत्तर परत आलं नाही तर माझ्या हिशोबी ती मालिकाच. पण उत्तम मालिका.

हुकूमशाहीच्या काळातल्या मेल आर्टबद्दल इतकं का बोललं जातं?

कारण बाकी ठिकाणी हा खेळ होता आणि तिथे त्यापायी माणसं तुरुंगात गेली.

उरुग्वेचे क्लेमेंते पादीन यांनी १९७४ मध्ये मोन्तेविदेओत सर्जनशील पोस्टकार्डांचं प्रदर्शन भरवलं. लॅटिन अमेरिकेतलं नोंद असलेलं हे पहिलं. लष्करी राजवटीला टोचणारी बनावट तिकिटंही त्यांनी काढली. १९७७ मध्ये त्यांना आणि होर्हे काराबाल्यो यांना पकडलं. ठपका होता सैन्याची अप्रतिष्ठा केल्याचा. मग पत्त्यांची वही कामाला आली. जगभरच्या मेल आर्टवाल्यांनी त्यांच्या सुटकेसाठी पत्रं, तिकिटं, शिक्के यांचा मारा सुरू केला. पादीन १९७९ मध्ये बाहेर आले, तरी पुढची काही वर्षं नजरेखालीच होते.

ब्राझीलमध्ये पाउलो ब्रुस्की आणि दानिएल सांतियागो यांनी १९७६ मध्ये रेसिफे शहरात आंतरराष्ट्रीय मेल आर्ट प्रदर्शन भरवलं. जागा कुठली, तर खुद्द मोठ्या पोस्टाचं दालन. प्रदर्शन उघडलं आणि थोड्याच वेळात लष्करी राजवटीच्या माणसांनी बंद पाडलं. आयोजकांना अटक झाली.

अर्जेंटिनाच्या ला प्लाता शहरातले एदगार्दो अंतोनिओ व्हिगो यांची कथा मला सगळ्यात जड जाते. ते लाकडी ठशांची मासिकं काढणारे, मिश्कील वृत्तीचे कलावंत. १९७६ मध्ये त्यांचा मुलगा पालोमो याला उचलून नेलं. तो परत आलाच नाही. त्यानंतर व्हिगो यांच्या पाकिटांवर पालोमोला सोडा अशी मागणी करणारे शिक्के आणि स्वतः छापलेली तिकिटं दिसू लागली. जगातल्या कुठल्याशा गावात कुणीतरी कोलाज मिळेल म्हणून पाकीट उघडायला घ्यायचा, आणि वरच एका बापाचं निवेदन असायचं. वर्तमानपत्रांना जे छापता येत नव्हतं ते सरकारी टपालच सरकारी थैलीतून देशाबाहेर नेत होतं.

पूर्व युरोपात तुरुंगापेक्षा पाळत जास्त. बुडापेस्टचे ग्यॉर्ग्य गालांताई १९७० पासून चार उन्हाळे बालाटोन सरोवराकाठच्या एका जुन्या चॅपेलमध्ये, म्हणजे छोट्या चर्चमध्ये, प्रदर्शनं भरवत होते. १९७३ मध्ये पोलिसांनी ती जागा बंद केली. मग १९७९ मध्ये त्यांनी आणि युलिया क्लानित्साई यांनी घरातच 'आर्टपूल' हा संग्रह सुरू केला. परदेशातल्या कलावंतांशी टपालानं देवाणघेवाण, आणि जे येईल ते जपून ठेवायचं. १९८४ च्या जानेवारीत त्यांनी 'हंगेरी तुमची होऊ शकते' या नावाचं मेल आर्ट प्रदर्शन मांडलं. जगभरच्या लोकांना विचारलं होतं, तुमच्या डोक्यातली हंगेरी कशी दिसते? प्रदर्शनावर बंदी आली. राजवट बदलल्यावर कळलं की प्रदर्शन बघायला आलेल्यांत खबरेही होते आणि त्यांनी कुठल्या चित्रात काय आक्षेपार्ह आहे याचे तपशीलवार अहवाल लिहिले होते. गुप्त पोलिसांच्या दप्तरी गालांताईंचं सांकेतिक नाव होतं 'चित्रकार'. आज ती फाइलसुद्धा आर्टपूलच्या संग्रहाचा भाग म्हणून वाचायला मिळते. इतक्या बारकाईनं प्रदर्शन पाहणारा प्रेक्षक कुठल्या चित्रकाराला लाभतो?

पूर्व बर्लिनमध्ये रॉबर्ट रेफेल्ट आणि रूथ वोल्फ-रेफेल्ट हे जोडपं याच जाळ्यात होतं. रूथ कचेरीत काम करायच्या. टाइपरायटरच्या अक्षरांतून त्यांनी लाटा, पेटारे, फुलपाखरं उभी केली, आणि त्या प्रती जगभर पाठवल्या. स्वतःला देशाबाहेर जायला मुभा नव्हती, पाकिटाला होती. बर्लिनची भिंत पडल्यावर त्यांनी हे काम थांबवलं. गरजच संपली, असं त्यांचं म्हणणं. २०१७ च्या 'डॉक्युमेंटा' या जर्मनीतल्या मोठ्या कलाप्रदर्शनात ती कामं पुन्हा लोकांसमोर आली तेव्हा त्या ८५ च्या होत्या.

पोलंडच्या पावेल पेताश यांचं 'कॉमनप्रेस' मासिकही आठवावं. १९७७ पासून दर अंकाचा संपादक वेगळा, देशही वेगळा. १९८१ च्या डिसेंबरात पोलंडमध्ये लष्करी कायदा लागल्यावर मासिकाची सूत्रं कॅनडातल्या एका कलावंताकडे गेली आणि अंक निघत राहिले.

लोकशाही देशांत कधी अडचण आली नाही?

आली की. ब्रिटनमध्ये जेनेसिस पी-ऑरिज यांच्यावर १९७६ मध्ये टपालातून अश्लील पोस्टकार्डं पाठवल्याचा खटला झाला. राणीच्या छायाचित्राला नको ती चित्रं जोडलेली कोलाजं होती. दंड झाला. या खटल्याची आमंत्रणपत्रिका छापून पी-ऑरिज यांनी ती लोकांना पाठवली होती, अर्थात पोस्टानं.

यात बायका कमी का दिसतात?

शोधलं नाही तर कमी दिसतात. १९७५ मध्ये इंग्लंडमध्ये सॅली गोलॉप आणि केट वॉकर या मैत्रिणींनी लहान लहान कलाकृती एकमेकींना पोस्टानं पाठवायला सुरुवात केली. एक लंडनहून आइल ऑफ वाइटला राहायला गेली, एवढंच निमित्त. हळूहळू इतर गृहिणी जोडल्या गेल्या आणि त्याचं 'फेमिनिस्टो' झालं. विणकाम, शिवणकाम, डब्यातले चॉकलेटच्या आकाराचे पुतळे, स्वयंपाकघरात बसून करता येईल आणि पाकिटात मावेल असं सगळं. पोरं झोपल्यावर स्वयंपाकाच्या टेबलावर जेवढी जागा उरेल तेवढ्या मापाची कला. १९७७ मध्ये लंडनच्या आयसीए या समकालीन कलेच्या संस्थेत ती मांडली गेली. कॅनडाच्या ॲना बनाना यांचं नावही इथे घ्यायलाच हवं. त्यांचं 'व्हाइल' मासिक आणि कलावंतांच्या तिकिटांवरचं काम यांशिवाय हा इतिहास पुरा होत नाही.

परीक्षक नाही, फी नाही, परतही मिळत नाही. हे नियम कोणी केले?

कुणी बसून केले नाहीत, हळूहळू ठरत गेले. आलेलं सगळं मांडायचं, निवड करायची नाही, पैसे घ्यायचे नाहीत, काम परत करायचं नाही, आणि सहभागी झालेल्या प्रत्येकाला यादी किंवा पुस्तिका पाठवायची. या शेवटच्या नियमात सगळी मेख आहे. यादीत नावापुढे पूर्ण पत्ता असायचा. म्हणजे एका प्रदर्शनाला काम पाठवलं की तुमच्या वहीत शे-दोनशे नवे पत्ते. प्रदर्शन हे निमित्त, यादी हा प्रसाद.

नियम मोडला की काय होतं ते १९८४ मध्ये दिसलं. न्यूयॉर्कच्या फ्रँकलिन फर्नेस या संस्थेतल्या मोठ्या मेल आर्ट प्रदर्शनात क्युरेटरनं आलेली सगळी कामं लावली नाहीत, निवड केली. कार्लो पित्तोरे यांनी खुलं पत्र लिहिलं, ते जाळ्यातून सर्वत्र फिरलं आणि जाहीर चर्चासत्रात क्युरेटरबाईंना लोकांच्या रागाला तोंड द्यावं लागलं. मला दोन्ही बाजू पटतात, हे सांगून टाकतो. निवड नसली की भिंतीवर बराच भुसाही येतो. पण इथे लोकांनी भिंतीसाठी पाठवलंच नव्हतं.

हे लोक एकमेकांना प्रत्यक्ष भेटायचे का?

बरेच जण जन्मात भेटले नाहीत. १९८६ मध्ये स्वित्झर्लंडच्या एच. आर. फ्रिकर आणि ग्युंथर रूख यांनी कल्पना काढली: दोन किंवा अधिक मेल आर्टवाले जिथे भेटतील तिथे अधिवेशन झालं असं समजायचं. स्वयंपाकघरात दोघं चहा प्यायले तरी अधिवेशन. १९९२ मध्ये याची आणखी मोठी आवृत्ती झाली.

'ब्रेन सेल' म्हणजे काय? अजून चालू असलेला सर्वांत जुना प्रकल्प तोच का?

सर्वांत जुना आहे की नाही या वादात पडत नाही, पण चिवट नक्की आहे. ओसाकाचे र्योसुके कोहेन १९८५ पासून तो चालवतात. तुम्ही तुमचा शिक्का, स्टिकर, तिकीट किंवा लहानसं चित्र त्यांना पाठवायचं. वेगवेगळ्या देशांतून आलेली अशी कामं ते एका मोठ्या कागदावर एकत्र छापतात, दीडशे प्रती. छपाईसाठी वापरलं ते 'प्रिंट गोक्को', जपानमध्ये घराघरांत नववर्षाची शुभेच्छापत्रं छापायला असलेलं छोटं यंत्र. सहभागी प्रत्येकाला एक प्रत जाते आणि सोबत सगळ्यांचे पत्ते.

त्या कागदाकडे जवळून पाहा. मध्यभाग असा नसतोच. कुणाचं गुलाबी माकड कुणाच्या निषेधाच्या शिक्क्यावर चढलेलं, त्याखाली तिसऱ्याच देशातल्या मुलाचा हात. कुणाच्याही चित्राला चौकट नाही, सही शोधावी लागते. कोण प्रसिद्ध, कोण नवखा, काही कळत नाही. शेकडो अंक निघाले तरी त्याच त्या पद्धतीनं.

ईमेल आल्यावर ही कला संपली नाही?

संपायला हवी होती, संपली नाही. उलट जाळ्याची सवय असलेले हे लोक इंटरनेटवर लवकर पोचले. अमेरिकेच्या चक वेल्श यांनी १९९१ मध्ये 'टेलेनेटलिंक' नावानं मेल आर्ट आणि संगणकाचं जाळं जोडायला घेतलं आणि १९९५ मध्ये वेबवर मेल आर्टचं संग्रहालय उघडलं. नेदरलँड्सच्या रूड यान्सेन यांनी १९८८ मध्ये गमतीनं काढलेली 'आंतरराष्ट्रीय मेल आर्टिस्ट युनियन' पुढे ऑनलाइन गेली आणि आज नव्या माणसाला बहुधा तिथूनच वाट सापडते.

बदल झाला तो यादीत. पूर्वी छापील पुस्तिका पाकिटातून यायची, आता पीडीएफ येते किंवा ब्लॉगवर फोटो लागतात, आणि पत्त्याऐवजी फक्त नाव आणि देश. घरचा पत्ता चारचौघांत टाकू नये हे बरोबरच आहे. पण त्यामुळे एका प्रदर्शनातून दुसऱ्या ओळखी फुटण्याचं काम मंदावलं. आता आधी मेसेज करायचा, पत्ता मागायचा, समोरच्यानं विश्वास ठेवायचा. विशीतली मुलं-मुली यात येतात ती जाळ्यासाठी नाही, जाळं तर त्यांच्या खिशातच असतं. त्यांना हवी असते हातात येणारी वस्तू.

पोस्टक्रॉसिंग म्हणजे मेल आर्टच ना?

चुलत भावंड. पाउलो मागाल्याइश यांनी २००५ मध्ये पोर्तुगालहून सुरू केलेल्या या उपक्रमात संगणक तुम्हाला अनोळखी पत्ता काढून देतो, तुम्ही कार्ड पाठवता, तिसराच कोणी तुम्हाला पाठवतो. अगदी जॉन्सनच्या धाटणीचं. पण कार्ड बहुधा विकतचं असतं, आणि संवाद तिथेच थांबतो.

भारतात, महाराष्ट्रात मेल आर्ट होती का?

टपालातून चित्रं पाठवण्याची परंपरा होती, आणि उत्तम होती. नंदलाल बोस शांतिनिकेतनहून शिष्यांना आणि स्नेह्यांना साध्या पोस्टकार्डांवर रेखाटनं करून पाठवत. शेळी, ताडाची झाडं, वाटेवरची बाई, चार रेषांत. ती खासगी पत्रं होती, जाळं नव्हे.

कोलकात्यात १९६० च्या दशकातल्या हंग्री पिढीच्या कवींनी राक्षस, विदूषक, प्राणी यांचे कागदी मुखवटे मंत्री, अधिकारी आणि संपादकांना पाठवले होते. सोबत विनंती: कृपया मुखवटा काढा. हे मात्र कुठल्याही फ्लक्ससवाल्याला आपलं वाटावं असं काम.

आपल्याकडे मुंबईत 'शब्द' हे सायक्लोस्टाइल केलेलं अनियतकालिक १९५४ मध्ये निघालं, अरुण कोलटकर, दिलीप चित्रे, रमेश समर्थ यांचं. पुढे 'असो' आणि इतर अनियतकालिकं आली. कमी प्रती, घरगुती छपाई, वाटप ओळखीतून आणि टपालानं, हे सगळं मेल आर्टच्या मासिकांशी जुळतं. पण त्यांना ओढूनताणून मेल आर्ट म्हणू नये. त्यांचा जीव साहित्यात होता.

आणि एक गोष्ट घराघरातली. लग्नपत्रिकेच्या कोपऱ्याला हळदकुंकू लावून पोस्टात टाकणारे आपण. दुःखाची वार्ता आलेलं कार्ड वाचून लगेच फाडून टाकणारेही आपणच. मजकुराआधी कार्डाचं रूप बोलतं हे आपल्याला कोणी शिकवायला नको.

मला सुरू करायचं आहे. काय लागेल?

पोस्टकार्ड, डिंक, कात्री आणि एक पत्ता. पन्नास पैशांचं साधं कार्ड देशात कुठेही जातं. सुरुवात त्यानंच करा. पत्त्याची बाजू मोकळी आणि वाचता येईल अशी ठेवा, पिनकोड ठळक घाला. सजावटीत पत्ता हरवला तर दोष पोस्टाचा नाही. स्वतःची तिकिटं करा, पण खऱ्या तिकिटाच्या जागी ती लावू नका. पोस्टाला फसवणं हा गुन्हा आहे, कला म्हणून कोणी सोडणार नाही. ती पाकिटाच्या मागे किंवा डाव्या कोपऱ्यात लावा. जाड, उंचसखल काही चिकटवलं असेल तर काउंटरवर देऊन हातानं शिक्का मारायची विनंती करा. काउंटरवरच्या खळीच्या वाटीत बोट बुडवण्यापेक्षा घरचा डिंक न्या. परदेशी दर आधी विचारा. चित्रावर पाणी पडलं तर काय होईल याचा विचार करूनच शाई निवडा, पावसाळ्यात तर हमखास.

पहिल्या पाकिटाला उत्तर आलं नाही तर मनाला लावून घेऊ नका. पाच-सहा पत्त्यांना एकदम पाठवा.

ही कामं विकत मिळतात का? संग्रह कुठे आहेत?

जाळ्यातल्यांच्या मते पैसा आणि मेल आर्ट एकत्र नांदत नाहीत. जॉन्सनची कोलाजं मात्र आता लिलावात विकली जातात, आणि व्हायचं तेच झालं. संग्रह मोठे आहेत: बुडापेस्टचं आर्टपूल आता तिथल्या ललित कला संग्रहालयाचा भाग आहे. लॉस एंजेलिसच्या गेटी संस्थेकडे जीन ब्राउन यांचा संग्रह आहे, जर्मनीत श्वेरीनच्या संग्रहालयात पूर्व युरोपचा बराच ऐवज आहे. वॉशिंग्टनच्या आर्काइव्ह्ज ऑफ अमेरिकन आर्टनं २०१८ मध्ये आपल्या दप्तरातल्या मेल आर्टचं प्रदर्शनही भरवलं.

पोस्टच बंद पडत चाललंय. मग?

प्रश्न रास्त आहे. डेन्मार्कच्या सरकारी टपालसेवेनं २०२५ च्या अखेरीस पत्रांचा बटवडा थांबवला. तिथे पत्रं आता एक खासगी कंपनी नेते. आपल्याकडे २०२५ मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं. त्याच सुमारास अमेरिकेचे सीमाशुल्काचे नियम बदलले आणि भारतातून तिकडे जाणारं टपाल काही आठवडे अडकलं होतं.

मेल आर्ट उभी आहे ती १८७४ च्या एका करारावर. बर्नमध्ये देशांनी ठरवलं की पाठवणारा आपल्या देशाचं तिकीट लावेल आणि पुढचा देश ते पत्र पोचवेल. या बिनबोभाट व्यवस्थेमुळेच व्हिगो यांचं पाकीट शत्रुमित्र न बघता सगळीकडे गेलं. ती व्यवस्था मोडली तर काय, यावर उत्तर मेक्सिकोहून ॲम्स्टरडॅमला आलेल्या उलिसेस कारियोन यांनी १९७७ मध्येच काढून ठेवलं होतं. त्यांच्या टपालसेवेत संदेश कुठल्याही रूपात द्या, अट एकच: सरकारी पोस्टानं पाठवायचं नाही. कुणी तिकडे जाणारं असेल त्याच्या हाती द्यायचं. मुंबईहून गावी निघालेल्या माणसाच्या पिशवीत निरोप, चिवडा आणि चिठ्ठी कोंबणाऱ्या आपल्या लोकांना ही पद्धत शिकवावी लागणार नाही.